घराची निगा : लिनोलियमला चीर पडली, आता काय?

आपल्या घरांत निम्मा संसार जमिनीवर चालतो. दस्तरखान जमिनीवर अंथरला जातो, जानमाजही तिथेच, रात्री गाद्या तिथेच पडतात आणि रांगते मूल तर दिवसभर तिथेच असते. म्हणून जमिनीवरच्या लिनोलियमला पडलेली चीर ही नुसती दिसायला वाईट असते असे नाही. दादीचा पाय तिच्यात अडकतो. मुलाने लघवी केली तर वरून कितीही पुसले, तरी चिरेतून खाली गेलेले पाणी तिथेच राहते. मग खोलीला वास येऊ लागतो आणि ती जागा पाक आहे की नाही, ही शंका मनातून जात नाही.

पालघर आणि बोईसर-तारापूरकडे हा प्रश्न जास्त घरांत आहे. 1969 मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली, 2013 मध्ये लोकल गाडी डहाणूपर्यंत गेली आणि 2014 च्या ऑगस्टमध्ये पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. कामासाठी येणारी कुटुंबे वाढली, तशा भाड्याच्या खोल्याही वाढल्या. खोलीत सिमेंटचा कोबा असतो किंवा जुनी तडकलेली लादी असते. मालक ती बदलून देत नाही आणि भाडेकरूला परवडत नाही. मग दुकानातून रोल आणून अंथरला जातो. दोन वर्षांनी कपाट सरकवताना किंवा सिलिंडर ओढताना तो फाटतो आणि पुन्हा नवा रोल येतो. खरे तर फाटलेल्या शीटपैकी बऱ्याच शीट घरच्या घरी दुरुस्त होतात. अट एकच : चीर लहान आहे आणि खाली पाणी शिरलेले नाही, तोवर हात घातला पाहिजे.

आधी ओळखा : तुमच्याकडे नेमके काय आहे?

दुकानात आपण ‘लिनोलियम द्या’ म्हणतो, पण हातात येते ते बहुतेक वेळा पीव्हीसी, म्हणजे व्हिनाइल. खरे लिनोलियम ही वेगळी वस्तू आहे. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज माणसाने ते 1860 च्या दशकात तयार केले. जवसाचे तेल हवेत सुकून रबरासारखे होते, त्यात बुचाच्या लाकडाचा भुगा आणि राळ मिसळून कापडावर थर द्यायचा, अशी ती कृती. नावही जवस आणि तेल या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून आले. पुढे पीव्हीसी स्वस्त पडू लागले आणि त्याने लिनोलियमची जागा घेतली, पण बाजारात नाव जुनेच राहिले.

कोपऱ्यातली कड उचलून पाहा. मागे ज्यूटचे विणलेले कापड दिसले आणि रंग वरपासून खालपर्यंत एकसारखा असला, तर ते खरे लिनोलियम. जुन्या इमारतीत किंवा परदेशातल्या नातेवाईकांच्या घरी ते सापडेल. मागे फोम, नमदा किंवा पातळ जाळी असेल आणि नक्षी फक्त वरच्या बाजूला छापलेली असेल, तर ते व्हिनाइल. त्या नक्षीवर एक पारदर्शक थर असतो. शीटचे आयुष्य म्हणजे त्या थराचे आयुष्य. तो थर संपला की नक्षी झिजायला वेळ लागत नाही. नव्या फ्लॅटमध्ये लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्या बसवतात, त्यातल्या बऱ्याच व्हिनाइलच्याच असतात.

हा फरक माहीत असला की नुकसान टळते. खऱ्या लिनोलियमला धुण्याचा सोडा, अमोनिया आणि ब्लीचिंगचे पाणी मानवत नाही. ते कोरडे पडून तडकते. व्हिनाइलला साबणाच्या पाण्याने काही होत नाही, पण थिनर, ॲसिटोन आणि उष्णता सोसत नाही. नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा एक थेंब पडला तरी जागा पांढरी आणि मऊ होते.

एक गोष्ट बजावून सांगते. ज्या घरात कोणी केमिकल कारखान्यात कामाला आहे, तिथे ‘डाग काढायला चांगले आहे’ म्हणून बाटलीत भरून एखादे द्रव घरी येण्याची शक्यता असते. ते घरात घेऊ नका. बाटलीवर नाव नसते, आत काय आहे ते घरात कोणाला माहीत नसते आणि बाटली नेमकी मुलांच्या हाताला लागेल अशा जागी ठेवलेली असते. फरशीचा डाग इतका महाग नाही.

ओरखडा किती खोल आहे?

ओल्या फडक्याने ओरखड्यावरून एकदा पुसा. पाणी असेपर्यंत ओरखडा दिसेनासा झाला, तर तो वरच्या पारदर्शक थरातच आहे. पाणी लावूनही पांढरी किंवा काळी रेघ दिसत राहिली, तर तो नक्षीपर्यंत किंवा त्याखाली गेला आहे. आता त्यावरून नख फिरवा. नख अडकले तर ती चीर समजा.

वरवरच्या ओरखड्याला फार काही लागत नाही. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाकून जागा स्वच्छ करा आणि पूर्ण सुकू द्या. बुटाचा काळा डाग असेल तर तो शाळेतल्या खोडरबराने निघतो. मग व्हिनाइलसाठी मिळणारे पाण्यासारखे फ्लोअर पॉलिश मऊ कापडाने पातळ लावा. पहिला हात सुकल्यावर दुसरा द्या. जाड एकच हात दिला तर तो चिकट राहतो आणि धूळ धरतो.

काही घरांत चमक यावी म्हणून खोबरेल तेल चोळतात. दोन दिवस फरशी छान दिसते. पण तेल आत मुरत नाही, वर तसेच राहते, त्यावर माती बसते आणि पाय घसरतो. वुजू करून ओल्या पायांनी येणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी हा धोका आहे.

व्हिनाइलला पॉलिश पेपर लावू नका. ओरखडा जातो, पण भोवतीचा पारदर्शक थरही घासला जातो आणि तिथे कायमचा मंद डाग राहतो. खऱ्या लिनोलियमला मात्र अगदी बारीक पॉलिश पेपरने हलके घासून त्याच रंगाचे मेण भरता येते, कारण त्याचा रंग आतपर्यंत असतो.

जुन्या इमारतीत छोट्या, कडक, चौकोनी व्हिनाइल टाइल्स असतील तर त्या घासू, फोडू किंवा खरवडू नका. एकेकाळी अशा टाइल्समध्ये ॲस्बेस्टॉस घालत. पीव्हीसी-ॲस्बेस्टॉस टाइल्ससाठी आपल्याकडे वेगळे भारतीय मानकही होते. टाइल अखंड असेल तोवर तिच्यापासून त्रास नाही, पण तिची धूळ फुप्फुसात जाणे वाईट. अशा टाइल्स तशाच ठेवून त्यावर दुसरे काही अंथरणे चांगले.

चीर जोडायची रीत

चीर सरळ असेल आणि दोन्ही कडा शाबूत असतील, तर ठिगळ लागत नाही. ब्रशने आतली माती काढा. ओल्या कापडाने पुसून पंख्याखाली एक दिवस सुकू द्या. ओल राहिली तर चिकटवलेले आठ दिवसांत सुटते.

कडा वर वळल्या असतील तर त्या गरम करून मऊ कराव्या लागतात. केस वाळवायचा ड्रायर एक वीत अंतरावरून हलवत फिरवा. ड्रायर नसेल तर जाड सुती कापडाची घडी ठेवून त्यावरून अगदी कमी गरम इस्त्री दोन-तीन सेकंद फिरवा. इस्त्री कापडाशिवाय टेकली की शीट संपली. कड मऊ झाली की हाताने दाबून सपाट होते.

आता शीटच्या खाली चिकटद्रव्य लावायचे. हार्डवेअरच्या दुकानात व्हिनाइल फ्लोअरिंगचा गोंद मागा. रबरचे सोल्यूशनही चालते, पण त्याची पद्धत वेगळी : जमिनीवर आणि शीटच्या पाठीवर दोन्हीकडे पातळ लावायचे, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटे थांबायचे आणि मगच दाबायचे. एकदा चिकटले की सरकवता येत नाही, म्हणून आधी कोरडे ठेवून माप पाहून घ्या. लाकूडकामाचा पांढरा गोंद इथे उपयोगाचा नाही, तो ओल्याने पुन्हा सुटतो.

शेवटी वरची फट बंद करायची. व्हिनाइलचा सांधा जोडणारे पातळ द्रव सुईसारख्या तोंडाच्या ट्यूबमध्ये मिळते. ते दोन्ही कडा किंचित विरघळवून एकमेकींत मिसळते. चिरेच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, फटीत द्रव सोडा आणि ट्यूबवर लिहिलेल्या वेळेप्रमाणे टेप काढा. टेप लावली नाही तर द्रव पसरून नक्षीवर डाग पडतो. प्लंबरचे पाइप जोडायचे सोल्यूशन पातळ शीटला जास्तच विरघळवते. दुसरे काही मिळत नसेल तर आधी उरलेल्या तुकड्यावर करून पाहा आणि मग काडीच्या टोकाने थोडेसे लावा.

त्यावर कागद, कागदावर फळी आणि फळीवर तांदळाचा डबा ठेवून पूर्ण दिवस तिकडे कोणाला फिरकू देऊ नका.

ही सगळी द्रवे पेट घेणारी आहेत. काम करताना गॅस बंद, मच्छर अगरबत्ती बंद, लोबानदाणी बाहेर, दारे-खिडक्या उघडी. घरात गरोदर बाई, तान्हे मूल किंवा दम्याचा माणूस असेल तर त्यांना संध्याकाळपर्यंत दुसरीकडे पाठवा.

ठिगळ : जळले किंवा तुकडाच गेला असेल तर

लोबानचा निखारा पडला, गरम कुकर खाली ठेवला गेला किंवा कपाटाच्या पायाने तुकडाच उपटला, तर ठिगळ लावावे लागते. नीट लावले तर पाहुण्यांना शोधून सापडत नाही. याचे सगळे कसब एका गोष्टीत आहे : वरचा नवा तुकडा आणि खालची खराब जागा एकाच वेळी कापायची.

1. शीट बसवताना उरलेला तुकडा काढा. नसेल तर कपाटाखालून किंवा फ्रिजमागून, जिथे नजर जात नाही, तिथला कापून घ्या आणि त्या जागी दुसरे काहीही बसवा.

2. तो तुकडा खराब जागेवर ठेवा. चारही बाजूंनी दोन इंच जास्त असू द्या. नक्षीवर नक्षी जुळवा आणि मास्किंग टेपने पक्के करा.

3. लोखंडी पट्टी आणि कटरचे नवे पाते घ्या. दोन्ही थर एकदम कापा. नक्षीत लादीची किंवा फळीची रेघ असेल तर त्या रेघेवरूनच कापा, म्हणजे सांधा लपतो. एका जोरात कापायला जाऊ नका. तीन-चार वेळा तीच रेघ ओढा.

4. टेप काढा, खालचा खराब भाग उचला. जुना गोंद आणि वाळू खरवडून काढा. एक कण राहिला तरी वर गाठ दिसते.

5. खालची जमीन सुकली आहे याची खात्री करून गोंद लावा, तुकडा बसवा, मधून कडांकडे दाबत जा. बाहेर आलेला गोंद लगेच पुसा.

6. वजन ठेवून एक दिवस थांबा. दुसऱ्या दिवशी सांध्याला वर सांगितलेले द्रव लावा.

नवे ठिगळ सुरुवातीला थोडे उजळ दिसते, वापराने फरक कमी होतो. कापलेले तुकडे बंबात किंवा चुलीत घालू नका. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू निघतो. तो डोळ्यांना आणि छातीला लागतो आणि बंबाचा पत्राही खातो.

फुगा आला असेल तर आधी ओल तपासा

शीटला फुगा येण्याची दोन कारणे असतात. एक, गोंद नीट लागलेला नाही. दोन, खालून ओल येते आहे. पहिल्याला इलाज सोपा आहे. फुग्याच्या कडेला सुईने भोक पाडा, औषधाच्या दुकानातून आणलेल्या सिरिंजने आत थोडा पातळ गोंद सोडा, ड्रायरने किंचित गरम करा आणि काचेची बाटली फिरवून हवा आणि जास्तीचा गोंद बाहेर काढा. मग वजन.

दुसऱ्या कारणावर गोंद चालत नाही. तळमजल्यावरच्या खोल्यांत, विशेषतः भराव घातलेल्या जागी, पावसाळ्यात कोब्यातून ओल वर येते. ती पाहायची सोपी परीक्षा आहे. शीट बाजूला करा, उघड्या जमिनीवर साधारण 18 इंच लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद ठेवा, चारही कडा टेपने हवाबंद करा आणि निदान 16 तास तसाच राहू द्या. उचलल्यावर आत थेंब दिसले किंवा जमीन काळपट झाली, तर ओल आहे.

अशा खोलीत शीट पूर्ण चिकटवूच नका. नुसती अंथरा. भिंतीपासून अर्धा सेंटीमीटर जागा सोडा, म्हणजे उन्हाळ्यात ती फुगली तरी वर उचलली जाणार नाही. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर ती गुंडाळून जमीन सुकू द्या. दिवाळीच्या सुट्टीत मुले घरी असतात, तेव्हा हे काम होऊन जाते. ईदच्या सफाईत होत असेल तर तेव्हा करा. गुंडाळताना नक्षी बाहेरच्या बाजूला ठेवा आणि थंडीत सकाळी गुंडाळू नका. गार शीट कडक होते आणि तडकते.

चीर पडू नये म्हणून

शीट खराब होते ती अपघातापेक्षा रोजच्या रेतीने. वाळूचा कण व्हिनाइलपेक्षा कितीतरी कठीण असतो. चिंचणीच्या किनाऱ्यावरून पायाला लागून आलेली वाळू, किंवा कारखान्यातून आलेल्या बुटांच्या तळव्यात रुतलेला लोखंडाचा कीस, हे पायाखाली पॉलिश पेपरसारखे काम करतात. म्हणून बूट दाराबाहेर, दारात काथ्याचे पायपुसणे आणि पोछ्याआधी केरसुणी. आधी झाडले नाही तर पोछाच वाळू घासत फिरतो.

पायपुसणे रबराचे किंवा रबराच्या पाठीचे घेऊ नका. रबरातली द्रव्ये व्हिनाइलमध्ये उतरतात आणि पिवळा-तपकिरी डाग पडतो. तो मळ नव्हे, रंगच बदललेला असतो, त्यामुळे कशानेही निघत नाही. फ्रिजच्या, टेबलाच्या आणि शिवणयंत्राच्या पायांना रबरी बुच असतील तर त्याखाली लाकडाचा पातळ तुकडा किंवा नमदा द्या.

कपाट हलवायचे तर रिकामे करा, पायाखाली जुनी सतरंजी घाला आणि सतरंजी ओढा. सिलिंडर चाकांच्या स्टँडवर ठेवा. स्टँड नसेल तर दोघांनी उचलावा, ओढू नये.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांसाठी

शीट मालकाची असेल तर दुरुस्ती करण्याआधी त्याला सांगा. खोली घेतली त्याच दिवशी जमिनीचे फोटो काढून त्याला मोबाइलवर पाठवून ठेवा. खोली सोडताना ‘ही चीर तुमची की आधीची’ हा वाद डिपॉझिटवर येतो, तेव्हा तारखेचा फोटो उपयोगी पडतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. करारात जमिनीवर काय अंथरले आहे आणि ते कोणाचे आहे, ही एक ओळ घालून घ्या. शीट तुमची असेल तर मालकाच्या लादीवर रबरचे सोल्यूशन लावू नका. काढताना ते लादीवर राहते आणि मग ती साफ करण्याचा खर्च तुमच्या डिपॉझिटमधून जातो. कडांना दुहेरी टेप पुरते.

दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे अमानत असते. वापरून झिजली तर त्यात काही नाही. पण चीर दिसत असून तिच्यावर चटई टाकून झाकणे आणि जाताना तशीच सोडणे, हे बरे नव्हे.

केव्हा थांबावे?

तीन खुणा दिसल्या तर दुरुस्तीवर पैसे घालू नका. चालायच्या वाटेवर नक्षी उडून पांढरे दिसू लागले. शीट दुमडताच कुरकुरत तडकते, म्हणजे तिला मऊ ठेवणारे द्रव्य संपले. किंवा उचलल्यावर खाली काळी बुरशी आणि कुबट वास आहे. तिसऱ्या वेळी नव्या शीटची घाई करू नका. आधी ओल कुठून येते ते शोधा : मोरीची गळती, बाहेरच्या गटाराची पातळी, भिंतीचा पाया. जुन्यावर नवी शीट अंथरली तर बुरशी झाकली जाते, जात नाही, आणि तिच्यावरच मुले झोपतात.

घरात ठेवायचे सामान

कटर आणि जादा पाती, एक फुटाची लोखंडी पट्टी, मास्किंग टेप, फ्लोअरिंगच्या गोंदाचा छोटा डबा, सांधा जोडायची ट्यूब, एक सिरिंज आणि खोडरबर. आणि यांच्याइतकीच महत्त्वाची वस्तू म्हणजे शीट बसवताना उरलेला हातभर तुकडा. तो भंगारात देऊ नका. गुंडाळून माळ्यावर ठेवा. चीर पडेल त्या दिवशी तीच नक्षी बाजारात मिळेल, याचा भरवसा नसतो.